पायातला करंट

फ्यूजनं ठरवलं, आज बसायचं.

एवढंच. दुसरं काही नाही. लोक निवडणुकीला उभं राहायचं ठरवतात, चुलत्यावर केस करायचं ठरवतात, त्यांचं काही वाकडं होत नाही. आणि या गड्यानं संध्याकाळी घरी आल्यावर जरा सोफ्यावर टेकायचं ठरवलं, तर घराची अशी दैना झाली की सांगायची सोय नाही.

फ्यूज म्हणजे वायरमन. आईबापानं नाव चांगलं ठेवलं होतं, पण ते आता आईलासुद्धा आठवून सांगावं लागतं. याचं डोकं कधी उडेल नेम नाही, म्हणून कुणीतरी फ्यूज म्हटलं. ज्यानं म्हटलं त्याच्या अंगावर हा पक्कड घेऊन धावला, आणि त्याच दिवशी नाव कायमचं झालं. (हसून सोडलं असतं तर गळून पडलं असतं. पण हसून सोडणारा असता तर ते नाव पडलंच कशाला असतं?) कामाला मात्र वाघ. छातीवर हात मारून सांगायचा, "माझ्या हातच्या वायरिंगमध्ये लिकेज दाखवा, मिशी उतरवतो!" मिशी त्याला नव्हती, ती गोष्ट वेगळी. पण बोलणं खरं होतं. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

दिवसभर हा शिडीवर. घरी आला की अंगणात फेऱ्या, दारात उभा, खिडकीशी उभा. चहासुद्धा उभ्यानं. शेवटी बायको वैतागली.

"अहो, सोफा काय पाहुण्यांसाठी घेतलाय? जरा बसा की माणसासारखे!"

तर फ्यूज बसला. पाय लांब केले, मान मागं टाकली, डोळे मिटले. वा! आणि तेवढ्यात पिंढरीत काहीतरी वळवळलं.

दुखत नव्हतं. खाजतही नव्हतं. हाडाच्या आत कुणी सोडावॉटरची बाटली फोडावी आणि ते बुडबुडे वाट शोधत वर निघावेत, तसं. मग तळव्यात झिणझिण. मग वाटायला लागलं, की पाय आता हलवला नाही तर तो आपलं आपण उठून चालायला लागेल. फ्यूज ताडकन उभा राहिला. उभा राहिला, दोन पावलं टाकली, की सगळं गायब.

पुन्हा बसला. पुन्हा आलं. उठला. गेलं.

"अहो, उठाबशा कसल्या काढताय? कुणी शिक्षा केली का?"

"गप बस."

"मी बसलेलीच आहे. तुम्हालाच जमत नाहीये."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पायाला काहीतरी झालंय. पण न्हाव्याला जगात डोकी दिसतात, टेलरला मापं दिसतात आणि वायरमनला करंट दिसतो. फ्यूजनं सोफ्याचे पाय बघितले. लोखंडी. सोफ्यामागं बघितलं. भिंतीत बोर्ड. बसलं की झिणझिण्या, उठलं की बंद. त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला.

लिकेज! त्याच्या घरात! त्याच्या स्वतःच्या हातच्या वायरिंगमध्ये!

आता वेळ बघा कसली होती. गावात शाळेची नवी इमारत उभी राहत होती. तिच्या वायरिंगचं काम दोघांत अडकलं होतं. एक फ्यूज, आणि दुसरा कोण, तर त्याचाच मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मेहुण्याला पक्कड कशी धरायची ते फ्यूजनंच शिकवलं होतं, कानाखाली वाजवून. मग तो पुढं कुठं जाऊन सर्टिफिकेट घेऊन आला, दुकान टाकलं, बोर्ड लावला. फ्यूजकडं ना सर्टिफिकेट, ना बोर्ड. होतं ते नाव. इमारतीचा इंजिनिअर म्हणाला होता, "मी कागद बघत नाही. माणूस स्वतःच्या घरी कसं काम करतो ते बघतो. मेहुण्यांचं घर बघून झालं. आता रविवारी संध्याकाळी तुमच्याकडे येतो."

आणि रविवारी साहेब येणार, ते कुठं बसणार? सोफ्यावर!

फ्यूजनं टेस्टर काढला आणि सोफ्याच्या पायाला लावला. पेटला नाही. दुसरा टेस्टर आणला. तोही पेटला नाही.

"दोन्ही टेस्टर खराब," फ्यूज म्हणाला.

मग त्यानं मेन स्विचच पाडला. घरात काळोख. त्याची म्हातारी आई आतून ओरडली, "कोण मेलं रे?" फ्यूज चाचपडत सोफ्यावर बसला आणि वाट बघत राहिला. आली! तळव्यातून निघाली, पिंढरीत घुसली, गुडघ्यामागं जाऊन नाचायला लागली.

मेन बंद, आणि करंट चालू! त्याच्या सगळ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. शहाण्या माणसाला इथंच उमगलं असतं. फ्यूजला वेगळंच उमगलं, की करंट घरातला नाहीच. बाहेरून येतोय. जमिनीखालून.

शेजारी कोण? लाँड्रीवाला. दिवसभर इस्त्री चालू.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाला शर्टाची कॉलर दाबत होता, तर समोर फ्यूज.

"तुझी इस्त्री बंद कर."

"का?"

"माझ्या पायात येतेय."

लाँड्रीवाल्यानं हातातल्या इस्त्रीकडं बघितलं. मग फ्यूजच्या पायांकडं बघितलं.

"कुठून येतेय?"

"जमिनीतून."

"इस्त्री टेबलावर आहे."

"आणि टेबल कुठं आहे?"

"जमिनीवर."

"मग!"

लाँड्रीवाला बिचारा शांत माणूस. आयुष्यभर लोकांच्या सुरकुत्या काढलेला. तो म्हणाला, "फ्यूज, तू आधी जरा बस बरं."

"बसलो की येतेय म्हणून तर आलोय!" फ्यूज असा ओरडला की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. "तुझ्या आयला, चोरून लाईन टाकलीयस का माझ्या घराखालून? काढ फरशी! आत्ता काढ!"

"अरे मी कशाला तुझ्या पायात लाईन टाकू? माझे काय कपडे वाळायचेत का तिथं?"

हे असं चालू असताना वास सुटला. दोघांनी खाली बघितलं. इस्त्री होती तिथंच होती, आणि तिच्याखाली शर्टाच्या पाठीवर तिच्याच आकाराचं काळं भोक.

"बघ! बघ काय केलंस!" फ्यूजला आनंदच झाला. "कुणा गरिबाचा शर्ट जाळलास?"

"तुझाच आहे," लाँड्रीवाला म्हणाला. "रविवारसाठी दिला होतास ना. साहेब येणारेत म्हणून."

घरी आल्यावर फ्यूजनं राग घरावर काढला. हॉलमधले बोर्ड उघडले, वायरी ओढून बाहेर काढल्या. स्वयंपाकघराची लाईन तर मेनच्या डब्यातूनच तोडून टाकली, म्हणजे उगाच घोळ नको. फ्रीज मेला. दूध नासलं. म्हातारी रोज विचारायची, "बाळा, बिल भरलं नाहीस का?" फ्यूजनं अंगणात अर्थिंगचा खड्डा उकरला, त्यात मीठ ओतलं, कोळसा ओतला, वर पाणी ओतलं, ओतताना नळाचा पाईप फावड्यानं तोडला, मग आणखी पाणी आपोआपच ओतलं गेलं. आणि शेवटी त्यानं सोफाच उचलून अंगणाच्या मधोमध ठेवला. वर आभाळ, आसपास एक वायर नाही. बसला.

आली.

फ्यूजचे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले. उघड्या अंगणात! वायर नाही, भिंत नाही, आणि पायात मुंग्यांची वरात! बराच वेळ तो सोफ्याकडं बघत राहिला. मग हळू आवाजात बायकोला म्हणाला, "कळलं मला. सोफा चार्ज झालाय."

"काय झालाय?"

"चार्ज. बॅटरीसारखा. इतके दिवस बोर्डाला चिकटून होता ना. भरलाय तो."

त्यानं सोफा पालथा केला, त्याच्या एका पायाला साखळी बांधली आणि साखळीचं दुसरं टोक चिखलात पुरलं. बायकोनं पदर खोचला, मागल्या दारानं बाहेर पडली आणि थेट भावाच्या दुकानात.

मेहुणा आला तो नवा मीटर घेऊनच आला. अंगणात येऊन उभा राहिला. चार पाय आभाळाकडं करून सोफा पडलेला, मेलेल्या म्हशीसारखा, पायात साखळी.

"दाजी, सोफा पालथा का?"

"डिस्चार्ज करतोय," फ्यूज गुरगुरला. "तुला कुणी बोलावलं?"

मेहुण्यानं हसू कसं दाबलं त्याचं त्याला माहीत. सोफा सुलटा केला, घरात नेला, दाजींनी तोडलेली हॉलची लाईन पुन्हा जोडली, मीटर लावला. सोफ्याला लावला, फरशीला लावला, भिंतीला लावला.

"दाजी, काही नाही. झीरो."

"तुझा मीटर..."

"मीटर नवा आहे." मग त्यानं मीटरच्या दोन्ही वायरी फ्यूजच्याच पायाला लावल्या, आणि आकडा वाचून म्हणाला, "तुम्ही पण झीरो."

झालं! फ्यूज उडाला. "मला झीरो म्हणतोस? माझ्या घरात? पक्कड धरता येत नव्हती तुला, दातानं वायर सोलायचास तू! आला मोठा सर्टिफिकेटवाला! आता जाऊन सांग इंजिनिअरला, दाजीच्या घरात लिकेज आहे म्हणून!"

"अहो, लिकेज नाही म्हणतोय ना तो!" बायको मधे पडली. "आता माझं ऐका. अंथरुणात लाथा कोण मारतं?"

"कुणाला?"

"मला! माझ्या नडग्या बघा, काळ्यानिळ्या झाल्यात. पलंग लाकडाचा आहे आपला. त्यात कुठली वायर गेलीय? सांगा की! त्याला पण डिस्चार्ज करणार का?"

फ्यूजनं वाकून बघितलं. त्याला बायकोच्या नडग्यांची खबरच नव्हती.

"मग सांगितलं का नाहीस आधी?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तू माझ्या लाथेच्या वाटेत झोपतेस."

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात तो गेला तो भांडायच्या तयारीनंच. सोबत बायको, आणि म्हातारी. तिचं काही दुखत नव्हतं, पण दवाखाना म्हटलं की ती आधी तयार.

"काय होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे," फ्यूज म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी बायकोकडं बघितलं. बायकोनं हात जोडले, आणि सगळं सांगितलं. सोफा, लाँड्री, खड्डा, साखळी, नडग्या. बाई ऐकत होत्या. हसल्या नाहीत. (शिकलेली माणसं कधीकधी खरंच कामाची असतात.) मग त्यांनी फ्यूजला विचारायला सुरुवात केली.

"बसल्यावर, आडवं पडल्यावर होतं?"

"हो."

"दिवसा कमी, संध्याकाळनंतर जास्त?"

फ्यूज सावध झाला. "हो."

"पाय हलवावेच लागतात, चाललं की बरं वाटतं, पुन्हा बसलं की पुन्हा सुरू?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" फ्यूज खुर्चीवरून उठलाच. "मेहुणा येऊन गेला ना इथं? खरं सांगा!"

"बसा. की बसवत नाहीये?" बाई म्हणाल्या. "उभे राहा मग. घरात आणखी कुणाला असं होतं का? वडिलांना?"

आता फ्यूजचा बाप म्हणजे गावात दाखला द्यायचा माणूस. "म्हातारा कधी बसलेला दिसला नाही, केवढा कष्टाळू!" असं लोक म्हणायचे. फ्यूज तर उठताबसता सांगायचा, आमच्या रक्तातच कष्ट आहेत. म्हातारीनं तोंड उघडलं.

"याच्या बापाला होतंच की. जेवायचा सुद्धा चालत चालत. भिंतीवर पाय आपटत बसायचा संध्याकाळी."

"आई, ते कष्टाळू होते!"

"कसला कष्टाळू? काडीचं काम करत नव्हता. नुसता हिंडायचा. मी काय लोकांना सांगत फिरू?"

फ्यूजनं भिंतीला हात टेकला. घरातला करंट गेला, सोफ्यातला गेला, आता बापाचे कष्टही गेले. एका दिवसात माणसानं किती धक्के खायचे?

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. हा पायांचाच एक आजार आहे, बऱ्याच जणांना असतो, घराण्यातही चालत येतो. पायात असं काही वळवळतं की स्वस्थ बसवत नाही. माणूस खोटं बोलत नाही, वेडाही नसतो. कधीकधी रक्तात लोह कमी असलं तरी होतं. रक्त तपासून बघू.

तपासलं. लोह कमी निघालं.

"रक्तात लोखंड?" फ्यूज थक्क. "आणि तेही कमी?"

"गोळ्या देते. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. संध्याकाळचा चहा तर बंदच करा. झोपायच्या आधी जरा चाला, पिंढऱ्या चोळा. लगेच थांबणार नाही, काही आठवडे जातील, मग पुन्हा रक्त बघू. आणि या गोळ्या आपल्या मनानं दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत. कळलं?"

फ्यूजनं त्यातलं एकच ऐकलं होतं.

"म्हणजे वायरिंग चांगलं आहे?"

"मी पायांबद्दल बोलतेय."

"म्हणजे वायरिंग चांगलं आहे!" त्यानं दवाखान्यात अशी आरोळी ठोकली की बाहेर बाकावरचा तापाचा पेशंट घाबरून घरी गेला. आजार निघाला म्हणून इतका खूष झालेला माणूस त्या बाईंनी जन्मात बघितला नसेल.

मग काय विचारता! घरी येईपर्यंत भेटेल त्याला सांगत आला. लाँड्रीवाल्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "तुझी इस्त्री निर्दोष आहे बरं का." लाँड्रीवाल्यानं त्याला जळका शर्ट घडी घालून दिला. फ्यूजनं बोर्ड लावले, वायरी आत घातल्या, स्वयंपाकघराची लाईन जोडली, फ्रीज गुरगुरायला लागला, खड्डा बुजवला. रविवारी दुपारपासून घर घासून काढलं. फरशी तर अशी पुसली, की तोंड बघून घ्यावं.

साहेब आले. पुसलेली फरशी बघून बिचाऱ्यांनी बूट दारातच काढले, मोजेही काढून बुटात कोंबले. सोफ्यावर बसले. समोर खुर्चीत फ्यूज बसला. बायको आणि म्हातारी स्वयंपाकघराच्या दारात. मेहुणाही आला होता, कोपऱ्यात उभा होता. काही झालं तरी बहिणीचं घर.

"हं, बोला," साहेब म्हणाले.

फ्यूजनं तोंड उघडलं, आणि पाय सुरू झाले. गोळ्या नुकत्याच चालू केलेल्या, त्यांचा काय गुण येणार? त्यानं पाय दाबून धरला, तर दुसरा सुरू. मांडी बदलली. टाच आपटली. शेवटी उठला, खुर्चीभोवती फेरी मारली, बसला. उठला.

साहेब बघत होते. "काही अडचण आहे का?"

"नाही साहेब! हा करंट नाही!" फ्यूज ओरडला. साहेब दचकले, कारण करंटचं कुणी नावच काढलं नव्हतं. "मला आजार आहे! डॉक्टरांनी सांगितलंय! घराचा काही संबंध नाही! लोह कमी आहे माझ्यात, वायरिंगमध्ये काही कमी नाही! चला, दाखवतोच तुम्हाला!"

आणि तो साहेबांना हात धरून घरभर फिरवायला लागला. एकेक बोर्ड, एकेक पॉईंट. साहेबांनी मान हलवली. काम खरंच नीट होतं. सरळ पट्ट्या, घट्ट स्क्रू, कुठं लोंबकळ नाही. "छान आहे," साहेब म्हणाले. मेहुण्यानंही मान हलवली. शाळेची इमारत फ्यूजच्या हातात आल्यासारखीच होती, तेवढ्यात तो म्हणाला, "आता स्वयंपाकघर बघा साहेब!"

दारातली बायको एकदम पुढं आली. "साहेब, चप्पल घाला. ही घ्या माझी."

"अगं कशाला चप्पल? फरशी कशी चकाचक आहे!"

"ओली आहे म्हणून म्हणतेय. साहेब, घाला."

"ओली आहे तर काय बुडणारेत का ते?" फ्यूज हसला. बायको डोळ्यांनी काहीतरी सांगत होती. म्हातारी खोकली. पुन्हा खोकली. तिनं खांद्यावरचा कोरडा फडका काढून साहेबांच्या पुढं धरला.

"हे कशाला, आजी?"

"असू द्या हातात."

"आई, तू बाजूला हो! साहेब, हा फ्रीजचा पॉईंट. वेगळी लाईन टाकलीय, जाड वायर. लावा हात फ्रीजला. बिनधास्त लावा! हँडल धरून उघडा!"

साहेबांनी अनवाणी पायांनी, ओल्या फरशीवर उभं राहून, हँडल धरलं.

"आई गं!"

साहेब उडाले ते ओट्याला जाऊन धडकले. हात कवटाळून उभे राहिले, डोळे हे एवढे. "मुंग्या! इथून इथपर्यंत! खांद्यापर्यंत!"

आता फ्यूजनं काय करावं? त्याचा चेहरा फुलला. त्यानं साहेबांच्या पाठीवर थाप मारली.

"हेच! साहेब, अगदी हेच! मला पण पहिल्यांदा असंच वाटलं होतं, करंट आहे म्हणून. अहो करंट नाही तो! तुमच्या रक्तात लोह कमी आहे!" आणि धावत जाऊन गोळ्यांचं पाकीट घेऊन आला. "घ्या. पाण्याबरोबर घ्या. चहाबरोबर नाही चालत."

साहेबांनी गोळीकडं बघितलं, फ्यूजकडं बघितलं, फ्रीजकडं बघितलं.

"म्हणून म्हणत होते, चप्पल घाला," बायको म्हणाली.

फ्रीज तेवढा गुरगुरत होता.

"म्हणजे?" फ्यूजनं विचारलं.

"म्हणजे काय? तो मारतो. फ्रीज आणलाय तेव्हापासून मारतो. मी चपलेशिवाय हात लावत नाही."

"मी फडक्यानं उघडते," म्हातारी म्हणाली.

फ्यूजच्या हातातलं पाकीट खाली पडलं. मेहुण्यानं मुकाट्यानं टेस्टर काढून फ्रीजच्या हँडलला टेकवला. असा पेटला म्हणता! त्यानं मेन पाडला, प्लगचा बोर्ड उघडला. आत अर्थिंगची, म्हणजे लिक झालेला करंट जमिनीत सोडणारी वायर मोकळीच. जोडलेलीच नव्हती. बोर्ड बसवताना राहून गेलेली.

"आणि मला कळलं कसं नाही?" फ्यूजचा आवाज चिरकला.

"तुम्ही कधी फ्रीज उघडलाय?" बायकोनं विचारलं. "पाण्याचा पेला हातात येतो ना तुमच्या. उभ्या उभ्या."

"अगं पण सांगायचं होतंस! मरायची पाळी आणणारी गोष्ट आहे ही! इतके दिवस का नाही सांगितलंस?"

बायकोनं जरा विचार केला. भावाकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "एकदा सांगायला आले होते. तुम्ही नुकतेच कुणाला तरी, माझ्या वायरिंगमध्ये लिकेज दाखवा, म्हणून शिव्या देऊन आला होतात. मी म्हटलं, जाऊ दे. फ्रीज हात लावला तरच मारतो. तुम्ही लांबूनच सुरू होता."

फ्यूजला त्या दिवशी फ्रीजनं नाही मारलं. पण त्याच्या तोंडाकडं बघून कुणालाही वाटलं असतं, की यानं दोन्ही हातांनी फेज धरलाय. जरा वेळानं त्यानं मेहुण्याच्या हातातून पक्कड घेतली, खाली वाकला, आणि ती वायर स्वतः जोडली. साहेब गेले कधी, त्याला कळलंही नाही.

काम मेहुण्याला मिळालं. मिळणारच होतं. पण पोरगा गुणाचा. दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाला, "दाजी, एकट्याला नाही झेपणार. चला माझ्याबरोबर." फ्यूज गेला. गोळ्या चालू होत्या, पायांची वळवळ हळूहळू कमी व्हायला लागली होती. बायकोला फ्रीजचं काही सांगायचं असलं की तो आता ओरडत नाही म्हणे. निदान आधी चहा तरी संपवतो. तोही सकाळचाच.

आणि वायरिंग तर त्यानं असं केलं, असं केलं, की मेहुण्यानं प्रत्येक जोड तपासला आणि एकाला नाव ठेवता आलं नाही. प्रत्येक अर्थिंग फ्यूजनं ओढून बघितलेलं, दोनदा.

मग एक दिवस इंजिनिअर साहेब काम बघायला आले. एकेक वर्ग बघत, बटणं दाबून बघत चालले होते. एका वर्गाच्या दारात थांबले. आत शिडीवर फ्यूज.

साहेबांनी हळूच मेहुण्याला विचारलं, "ही खोली कुणी केली?"

"दाजींनी. एकट्यानं."

साहेब तसेच मागं वळले, गाडीपर्यंत गेले, डिकी उघडली, गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट काढले, ते घातले, रबरी हातमोजे चढवले आणि मगच वर्गात पाय टाकून पहिल्या बटणाला बोट लावलं.

इमारतीला अजून वीजच जोडली नव्हती.